सुवर्णपदकाचे वर्ष : १९६२ मधील भारतीय फुटबॉल

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात १९६२ हे वर्ष जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदकासाठी ओळखले जाते, आणि त्या पदकाचा वृत्तान्त बहुधा तेथील पाच सामन्यांपुरताच सांगितला जातो. त्याच वर्षी कलकत्ता, हैदराबाद, मुंबई आणि दिल्ली येथील मैदानांवर जे घडत होते ते बाजूला ठेवले, तर हे यश निव्वळ दैवयोगाचे वाटू लागते आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुरू झालेली घसरणही अनाकलनीय ठरते. प्रत्यक्षात हा विजय एका विशिष्ट देशांतर्गत व्यवस्थेतून घडला होता आणि त्या व्यवस्थेतील उणिवाही त्याच वर्षी स्पष्ट दिसत होत्या; म्हणूनच हे वर्ष स्थानिक आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन भागांत न विभागता सलगपणे वाचणे आवश्यक आहे.

त्या काळी देशभरातील क्लब एकाच साखळीत वर्षभर खेळतील अशी राष्ट्रीय लीग अस्तित्वात नव्हती. तशी स्पर्धा सुरू होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. फुटबॉलचा हंगाम प्रादेशिक लीग आणि जुन्या करंडक स्पर्धा यांच्या क्रमाने पुढे सरकत असे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर कलकत्त्याच्या मैदानावर १८९८ पासून चालत आलेली कलकत्ता लीग रंगे आणि तिला जोडूनच १८९३ मध्ये सुरू झालेली आयएफए शील्ड खेळली जाई. या शील्डचे आयोजन करणाऱ्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे नाव अखिल भारतीय वाटत असले, तरी ती बंगालची प्रांतिक संघटना होती. देशपातळीवरचा कारभार १९३७ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे होता. पाऊस ओसरल्यावर प्रमुख संघ दिल्लीला ड्युरँड करंडकासाठी आणि मुंबईला कूपरेज मैदानावर रोव्हर्स करंडकासाठी जात. ड्युरँडचा आरंभ १८८८ मध्ये सिमला येथे झाला होता आणि रोव्हर्सचा १८९१ मध्ये मुंबईत. दोन्ही स्पर्धा मुळात ब्रिटिश लष्करी पलटणींच्या होत्या. १९४१ पासून राज्यांच्या आणि रेल्वे व सेनादलांसारख्या संस्थांच्या निवडक संघांसाठी संतोष करंडक स्पर्धा भरू लागली. बंगालमधील संतोष येथील राजघराण्याच्या नावाने ओळखला जाणारा हा करंडक म्हणजेच त्या काळची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होय.

खेळाडू कागदोपत्री हौशी असले, तरी त्यांच्या चरितार्थाची एक निश्चित व्यवस्था होती. रेल्वे, पोलीस, सेनादले आणि टाटा किंवा कॅल्टेक्ससारख्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरीत घेत आणि आपापल्या संघातून खेळवत. कलकत्त्याचे मोठे क्लब देशभरातून गुणी मुले हेरून आणत. मोहन बागानमध्ये बंगालचे चुनी गोस्वामी आणि पंजाबचे जर्नैल सिंग एकत्र खेळत होते, तर ईस्ट बंगालने सिकंदराबाद भागातील तुलसीदास बलराम यांना आपल्याकडे आणले होते. प्रदीपकुमार बॅनर्जी मात्र मोठ्या क्लबांपासून दूर राहून ईस्टर्न रेल्वेतच राहिले. १९५८ मध्ये त्याच रेल्वे संघाने कलकत्ता लीग जिंकून बड्या क्लबांची मक्तेदारी मोडली होती, आणि १९६१-६२ चा संतोष करंडकही रेल्वेनेच पटकावला. १९६२ च्या राष्ट्रीय संघात मुंबईतील कंपनी संघांचाही वाटा होता. उजव्या बगलेचे बचावपटू ओ. चंद्रशेखर हे मूळचे केरळमधील इरिंजालकुडाचे असून मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळत, तर मधल्या फळीतील फोर्तुनातो फ्रँको यांचे मूळ गाव गोव्यातील कोलवाळ आणि संघ मुंबईचा टाटा स्पोर्ट्स क्लब होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला होता. त्यामुळे गोव्याने भारतात घालवलेल्या पहिल्याच संपूर्ण वर्षात एक गोमंतकीय खेळाडू भारताच्या सुवर्णविजेत्या संघात होता, ही गोष्ट गोव्याच्या क्रीडा-इतिहासात विशेष महत्त्वाची आहे.

इतक्या विखुरलेल्या मनुष्यबळाचा एकजीव संघ करण्याचे काम सय्यद अब्दुल रहीम यांनी केले. हैदराबादेत शिक्षकी पेशात असलेले रहीम १९४३ पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांच्या हाताखाली या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक जिंकला. राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे असतानाच भारताने १९५१ च्या दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धांत इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक गाठला. त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर मिळवलेल्या ४-२ अशा विजयात मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले होते. या दोन यशांच्या मध्ये हेलसिंकीचा कटू धडाही होता : १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये, बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत असताना, युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला आणि त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे करण्यात आले.

रहीम यांचे वैशिष्ट्य असे की ते बाहेरच्या जगातील बदल बारकाईने अभ्यासत आणि आपल्या खेळाडूंच्या कुवतीनुसार ते राबवत. त्या काळी प्रचलित असलेल्या रचनेत तीन बचावपटू, मधल्या फळीत चार आणि पुढे तीन आक्रमक असत. मैदानावर ही मांडणी इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी दिसत असल्याने तिला त्यांचेच नाव पडले होते. हंगेरी आणि ब्राझील यांनी पन्नाशीच्या दशकात ही चौकट मोडून चार बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि चार आक्रमक अशी ४-२-४ रचना पुढे आणली, आणि भारतात तिचा प्रसार करण्याचे श्रेय रहीम यांनाच दिले जाते. चेंडू पायाशी घोळवत बसण्यापेक्षा तो लवकर पुढे द्यावा, दोन्ही पायांनी खेळता यावे आणि एका खेळाडूला एकाहून अधिक जागा सांभाळता याव्यात, यावर त्यांच्या प्रशिक्षणाचा भर असे. यांपैकी शेवटची गोष्ट जकार्त्यात निर्णायक ठरली.

२४ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झालेल्या चौथ्या आशियाई स्पर्धांवर प्रारंभापासूनच राजकारणाचे सावट होते. अध्यक्ष सुकार्णो यांच्या सरकारने इस्रायल आणि तैवान यांच्या पथकांना प्रवेश नाकारला. १९५४ आणि १९५८ या दोन्ही स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक तैवानच्या संघाने जिंकलेले असल्यामुळे या निर्णयाने गतविजेताच स्पर्धेबाहेर गेला. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी या भेदभावाला विरोध करून या स्पर्धांच्या अधिकृत दर्जावरच प्रश्न उपस्थित केला, तेव्हा जकार्त्यातील वातावरण भारताविरुद्ध पेटले. ३ सप्टेंबर रोजी जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता.

त्याआधी भारताची वाटचाल खडतर झाली होती. आठ संघांची दोन गटांत विभागणी झाली होती आणि भारताच्या गटात दक्षिण कोरिया, थायलंड व जपान होते. पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला २-० असे हरवले. १९५६ आणि १९६० या दोन्ही आशिया चषकांचा विजेता असलेला कोरिया त्या वेळी खंडातील सर्वांत बलाढ्य संघ मानला जाई, त्यामुळे या निकालात अनपेक्षित असे काही नव्हते. पण पुढचे दोन्ही सामने जिंकणे आता भाग होते. भारताने थायलंडचा ४-१ आणि जपानचा २-० असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. मात्र या काळात बचावफळीचे आधारस्तंभ जर्नैल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले, आणि गोलरक्षक पीटर थंगराज आजारी असल्याने प्रद्युत बर्मन यांना गोल सांभाळावा लागला.

अशा स्थितीत बहुतेक प्रशिक्षकांनी जर्नैल यांना विश्रांती दिली असती. रहीम यांनी मात्र त्यांना बचावातून काढून थेट आघाडीफळीच्या मध्यभागी उभे केले आणि मधल्या बचावपटूची जागा अरुण घोष यांच्याकडे सोपवली. जर्नैल यांची धिप्पाड शरीरयष्टी आणि धडक यांमुळे प्रतिस्पर्धी बचावफळीचे लक्ष त्यांच्यावर खिळून राही आणि बॅनर्जी, गोस्वामी व बलराम या त्रयीला हालचालीस मोकळीक मिळे. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामने झुंज दिली, तरी भारताने तो ३-२ असा जिंकला. त्यात कर्णधार गोस्वामी यांचे दोन गोल होते आणि एक जर्नैल यांचा.

४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर होता. सोव्हिएत साहाय्याने नुकत्याच बांधलेल्या सेनायन येथील विशाल क्रीडागारात सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुसंख्य भारताच्या विरोधात होते. भारतीय हॉकी संघाला अंतिम सामन्यात हरवणाऱ्या पाकिस्तानी हॉकी संघाने त्या कोलाहलात भारताला पाठिंबा दिल्याचे भारतीय खेळाडूंनी पुढे कृतज्ञतेने सांगितले आहे. थंगराज गोलमध्ये परतले होते. सतराव्या मिनिटाला बॅनर्जी यांनी आणि विसाव्या मिनिटाला जर्नैल यांनी गोल केला. कोरियाला अखेरच्या काही मिनिटांत एकच गोल परत करता आला आणि भारत २-१ असा विजयी झाला. दहा दिवसांपूर्वी ज्या संघाविरुद्ध एकही गोल करता आला नव्हता, त्याच्यावर वीस मिनिटांत दोन गोल चढवणारा हा विजय, हाती असलेल्या माणसांची नव्याने मांडणी करण्याच्या रहीम यांच्या कौशल्याचा सर्वोच्च आविष्कार होता.

संघ मायदेशी परतला तेव्हा हंगाम सुरूच होता. त्या वर्षी मोहन बागानने कलकत्ता लीग आणि आयएफए शील्ड या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पण २० ऑक्टोबर रोजी चीनचे आक्रमण सुरू झाले, देशात आणीबाणी जाहीर झाली आणि सेनादलांशी जवळून निगडित असलेली ड्युरँड स्पर्धा त्या वर्षी भरलीच नाही. मुंबईत रोव्हर्स करंडकासाठी ईस्ट बंगाल आणि रहीम यांच्या हैदराबादी परंपरेतील आंध्र पोलीस यांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. १९६२-६३ चा संतोष करंडक बंगालने जिंकला, आणि पुढच्या हंगामात चंद्रशेखर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो मिळवला. बलराम यांना १९६२ चा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. अवघ्या काही आठवड्यांपूर्वीच्या सुवर्णपदकाचा आनंद मात्र युद्धाच्या आघातात विरून गेला. ज्या काळात या यशाचा विचार करून पुढची आखणी व्हायला हवी होती, त्या काळात देशाचे लक्ष स्वाभाविकपणेच सीमेवर लागले होते.

त्याहून मोठी हानी पुढच्या वर्षी झाली. जकार्त्यातच कर्करोगाने ग्रासलेले रहीम ११ जून १९६३ रोजी निवर्तले, आणि त्यांच्याबरोबर भारतीय फुटबॉलमधील सर्वांत मोठा ज्ञानसंचयही गेला. त्यांनी घडवलेल्या पिढीच्या बळावर १९६४ च्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला, परंतु त्यानंतर आशियाई स्पर्धांत १९७० च्या बँकॉक येथील कांस्यपदकाखेरीज फुटबॉलमध्ये भारताला पदक मिळाले नाही, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर पुरुष संघ पुन्हा ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. देशातील सामने नव्वदऐवजी सत्तर मिनिटांचे खेळवण्याची पद्धतही दीर्घकाळ टिकली, आणि तिचा परिणाम खेळाडूंच्या दमावर होत राहिला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर भारत प्रथम उतरला तो १९८६ च्या स्पर्धेसाठी. जकार्त्यात हरलेला कोरिया मात्र १९६२ च्या चिली विश्वचषकाच्या पात्रतेसाठी युगोस्लाव्हियाशी झुंजून आलेला होता.

या घसरणीचा अर्थ जपानच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. जकार्त्यात भारताकडून २-० असा हरलेला जपान त्या वेळी जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रॅमर यांच्या सल्ल्याने आपल्या फुटबॉलची घडी बसवत होता. १९६५ मध्ये जपानने कंपन्यांच्याच संघांची राष्ट्रीय लीग सुरू केली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. नोकरी देणाऱ्या संस्थांवर आधारलेले फुटबॉल दोन्ही देशांत होते. फरक इतकाच की जपानने त्याला वर्षभराच्या राष्ट्रीय स्पर्धेची आणि प्रशिक्षक घडवण्याच्या योजनेची जोड दिली, तर भारतात गुणी खेळाडू प्रांतोप्रांतीच्या करंडकांतून पूर्वीसारखेच वर येत राहिले, पण त्यांना एकत्र बांधणारी रचना एका शिक्षकाच्या बुद्धीवर विसंबून होती आणि त्याच्या पश्चात ते काम पुढे नेणारी संस्था उभी राहिली नाही. १९६२ च्या संघाचा खरा सन्मान त्या अंतिम सामन्याची उजळणी करण्याने होत नाही; जखमी बचावपटूला आक्रमक बनवू शकणारे रहीम यांच्यासारखे प्रशिक्षक प्रत्येक राज्यात सातत्याने तयार होतील अशी व्यवस्था उभारण्यानेच तो होईल, आणि भारतीय फुटबॉलवर त्या वर्षाचे हे ऋण अद्याप बाकी आहे.