स्वतःचे घर की भाड्याचे? संकेतस्थळांच्या बिऱ्हाडांचा इतिहास

(१/१०)
१९९० सालची अखेर. जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांचा काळ्या रंगाचा ‘नेक्स्ट’ संगणक चालू आहे. जगातील पहिले संकेतस्थळ याच यंत्रावर नांदत होते. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची हस्तलिखित चिठ्ठी त्यावर डकवलेली होती. त्या आरंभकाळी कोणी चुकून बटण दाबले असते, तर अवघे वेब अंधारात गेले असते.

(२/१०)
त्या चिठ्ठीत आजही प्रत्येक व्यावसायिकाला पडणारा प्रश्न दडलेला आहे. आपले संकेतस्थळ आपल्याच यंत्रावर ठेवावे, की दुसऱ्याच्या यंत्रावर जागा भाड्याने घ्यावी? यंत्र आपले तर सत्ता आपली. पण वीज गेली, डिस्क बिघडली, मध्यरात्री कोणी घुसखोरी केली, तर धावायचेही आपणच. या पेचाचे उत्तर इतिहासाने अनेकदा दिले आहे, आणि दर वेळी ते एकच नव्हते.

(३/१०)
पहिली कथा जिओसिटीजची. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेने सामान्य माणसाला वेबवर फुकट जागा दिली. ‘हॉलिवूड’, ‘सिलिकॉन व्हॅली’ अशा नावांच्या वस्त्या वसल्या आणि लोकांनी तेथे हौसेने आपापली पाने थाटली. १९९९ साली याहूने ही सारी वसाहत सुमारे ३६० कोटी डॉलर मोजून विकत घेतली.

(४/१०)
पुढे मालकाला ही वसाहत नकोशी झाली. २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिचे अमेरिकेतील दार बंद झाले. काही स्वयंसेवकांनी जमेल तितकी पाने उतरवून घेतली, म्हणून त्यांचा काही भाग वाचला. ‘भाड्याचे घर, खाली कर’ ही म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही. येथे तर भाडेही नव्हते, त्यामुळे भाडेकरूचा हक्कही नव्हता.

(५/१०)
मग स्वतःचेच घर बरे, असे वाटेल. त्यावर दुसरी कथा नेटफ्लिक्सची. ऑगस्ट २००८ मध्ये ही कंपनी प्रामुख्याने टपालाने डीव्हीडी पाठवत असे. यंत्रे तिची स्वतःची होती. त्यांवरील मुख्य माहितीसाठा बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांकडे डीव्हीडी रवाना करता आल्या नाहीत. ‘घर पाहावे बांधून’ याचा हा अनुभव होता.

(६/१०)
कंपनीने बिऱ्हाड हलवायचे ठरवले. ॲमेझॉनने २००६ पासून आपली यंत्रे भाड्याने देण्यास आरंभ केला होता. तेथे ते स्थलांतर सुमारे सात वर्षे चालले आणि जानेवारी २०१६ मध्ये पुरे झाले. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारी ‘ओपन कनेक्ट’ ही यंत्रणा नेटफ्लिक्सने स्वतःचीच उभारली.

(७/१०)
तिसरी कथा नेमकी उलट दिशेची. ग्राहकांच्या फाइली सांभाळणारी ड्रॉपबॉक्स कंपनी त्या फाइली ॲमेझॉनच्या भाड्याच्या जागेत ठेवत असे. साठा वाढत ५०० पेटाबाइटच्या पलीकडे गेला. ऑक्टोबर २०१५ पर्यंत तिने ग्राहकांच्या ९० टक्क्यांहून अधिक फाइली स्वतःच्या यंत्रांवर आणल्या. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत तिचा सुमारे साडेसात कोटी डॉलरचा खर्च वाचला.

(८/१०)
एक घर सोडून गेली, दुसरी घरी परतली. तरीही दोघी चुकल्या नाहीत. फाइली साठवणे हाच ड्रॉपबॉक्सचा धंदा होता, साठा अवाढव्य होता आणि यंत्रे घडवणारे कुशल अभियंते पदरी होते. नेटफ्लिक्सचा धंदा चित्रपट पोहोचवण्याचा. म्हणून ते काम तिने हाती ठेवले आणि उरलेले भाड्याने घेतले. दोन्ही निर्णयांमागचे सूत्र एकच होते: ज्यावर आपली भाकरी आहे आणि जे आपल्याला पेलते, ते आपल्या हाती असावे.

(९/१०)
परंतु भाडे भरले म्हणून जबाबदारी संपत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत खाक झाली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. ज्यांनी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवली होती, त्यांना नव्याने उभे राहता आले. ज्यांची एकमेव प्रत तेथेच होती, त्यांची माहिती कायमची गेली.

(१०/१०)
म्हणून मिठाईचे दुकान किंवा छोटी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्याने स्वतःचा सर्व्हर बाळगण्याचा हट्ट धरू नये. तो त्याचा धंदा नव्हे. जागा खुशाल भाड्याने घ्यावी. मात्र संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवावे, संपूर्ण प्रत अन्यत्र ठेवावी आणि उद्या बिऱ्हाड हलवायचे झाल्यास वाट मोकळी आहे ना, हे करार करतानाच पाहावे. सर्नमधील ती चिठ्ठी आज दुसऱ्याच्या यंत्रावर डकवलेली असली तरी चालेल. किल्ली मात्र आपल्या कनवटीला असावी.