परदेशी धनादेश न वटल्यास बँकेची जबाबदारी किती?

नवी दिल्ली : परदेशातील बँकेवर काढलेला धनादेश न वटणे, एवढ्यानेच भारतीय बँकेच्या सेवेत त्रुटी होती असे ठरत नाही. खात्यात पुरेशी रक्कम नसणे किंवा सही न जुळणे हे दोष धनादेश काढणाऱ्याचे असतात. मात्र धनादेश पाठविण्यात, तो परत आल्याची सूचना देण्यात किंवा जमा रक्कम पुन्हा वळती करण्यात बँकेने हयगय केली असल्यास ग्राहकाला तिच्याविरुद्ध दाद मागता येते. बँकेशी होणाऱ्या वादात हा भेद निर्णायक ठरतो.

वसुलीची पद्धत

परदेशी धनादेश देशांतर्गत समाशोधन व्यवस्थेतून वटत नाहीत. ग्राहकाची बँक तो परदेशातील प्रतिनिधी बँकेमार्फत वसुलीसाठी पाठविते आणि पैसे आल्यावर खात्यात जमा करते. काही वेळा रक्कम आधी सशर्त जमा होते व ठरावीक मुदतीपर्यंत ती काढता येत नाही. काही बँका असे धनादेश स्वीकारतच नाहीत.

रक्कम जमा झाली म्हणजे धनादेश अंतिमतः वटला, हा समज धोक्याचा आहे. अमेरिकेच्या एकरूप व्यापार संहितेनुसार धनादेशातील फेरफाराची तक्रार करण्यास तेथील खातेदाराला कमाल 1 वर्षाची मुदत असते. त्यामुळे जमा रकमेवरील दावा अनेक महिन्यांनीही उपस्थित होऊ शकतो. जादा रकमेचा धनादेश पाठवून 'फरक परत करा' असे सांगणारे भामटे याच विलंबाचा लाभ घेतात.

वादाचे प्रमुख मुद्दे

विनिमय दर : धनादेश परत आल्यास बँक सामान्यतः विक्रीच्या दराने रक्कम वसूल करते. समजा, 1,000 डॉलर 82 रुपये दराने जमा झाले आणि 84 रुपये दराने वळते केले, तर शुल्काव्यतिरिक्त 2,000 रुपयांचा तोटा ग्राहकावर पडतो. ही अट त्याने स्वीकारली होती काय, हे तपासावे लागते.

सूचनेतील विलंब : न वटलेला धनादेश ग्राहकाला 24 तासांच्या आत परत पाठवावा, असा रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवाविषयक निर्देशांचा दंडक आहे. परदेशी बँकेच्या विलंबाला भारतीय बँक जबाबदार नसली, तरी परतीची सूचना स्वतःकडे आल्यानंतरच्या विलंबाचा जाब तिला द्यावा लागतो.

गहाळ धनादेश : वसुलीच्या वाटेत धनादेश हरवल्यास त्याची जबाबदारी खातेदारावर नसून वसुली करणाऱ्या बँकेवर असते. दुसरा धनादेश मिळविण्याचा खर्च व वाजवी विलंबाचे व्याज बँकेने द्यावे, असे हे निर्देश सांगतात.

दाद कोठे मागावी?

प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तोच वाद ग्राहक आयोगापुढे प्रलंबित असल्यास लोकपाल त्याची दखल घेत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बँकिंग ही 'सेवा' आहे. वादाचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत, आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा मात्र या संरक्षणात येत नाही. शेअर दलालाने व्यवसायासाठी घेतलेल्या ओव्हरड्राफ्ट सुविधेबाबत तो 'ग्राहक' ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला. निर्यातदार व व्यावसायिकांनी हे ध्यानात घ्यावे.

धनादेश काढणाऱ्याविरुद्धची कारवाई स्वतंत्र असते. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 134 नुसार, विरुद्ध करार नसल्यास, त्याची जबाबदारी धनादेश जेथे काढला तेथील कायद्याने ठरते.

पुरावा महत्त्वाचा

सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून धनादेशाच्या दोन्ही बाजूंची प्रत, भरणा पावती, वसुलीच्या अटींचा अर्ज, परतीचे कारण दर्शविणारा मेमो, खाते उतारा आणि पत्रव्यवहार जपून ठेवावा. बँकेचे धनादेश वसुली धोरण व नुकसानभरपाई धोरणही मागून घ्यावे. परतीची सूचना बँकेला कोणत्या दिवशी मिळाली आणि ग्राहकाला ती कधी कळविली, या दोन तारखांतील अंतर अनेकदा सर्वांत ठोस पुरावा ठरते.