मापाचा वारसा

घर, शेत, दागिने यांच्या वाटण्या होतात. कारागिराची हत्यारे मात्र ज्याच्या हाताला हुनर आहे त्याच्याकडे जातात, नाहीतर भंगारवाल्याकडे.

अमेरिकेत मोजमापाची हत्यारे कामगाराने स्वतःच्या पैशाने घ्यायची रीत होती. लेथ मालकाची, मायक्रोमीटर कामगाराचा. उमेदवारी करणारा मुलगा पगारातून एकेक हत्यार जमवी, त्यावर आपले नाव कोरी आणि फेल्टचे अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत ठेवी. ओहायोतील डेटन येथे गर्स्टनर कंपनी १९०६ पासून अशा पेट्या बनवू लागली. कामगार निवृत्त झाला की पेटी घरी येई आणि पुढे मुला-नातवांकडे जाई.

मायक्रोमीटरचे पेटंट १८४८ मध्ये फ्रान्सच्या पामर यांनी घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ब्राउन आणि शार्प या अमेरिकी भागीदारांनी तो पाहिला आणि सुधारून आपल्या देशात बनवायला घेतला. त्याची रचना साधी आहे. स्क्रूला इंचात ४० आटे असतात आणि फिरत्या नळीवर २५ रेघा. एक रेघ सरकली म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या सुताराच्या एका सुतात असे सव्वाशे भाग मावतात! १८७९ मध्ये लेरॉय स्टॅरेट यांनी पट्टीवर सरकणाऱ्या गुण्याचे पेटंट घेतले. एवढी बारीक मापे आता साध्या कामगाराच्या पेटीत आली.

ही हत्यारे टिकली याला कारण आहे. चांगल्या मायक्रोमीटरचे आटे झिजले तर नट आवळता येतो, शून्य चुकले तर पुन्हा जुळवता येते. म्हणून आजोबांचा मायक्रोमीटर नातवाच्या हातातही खरे माप देतो.

भारतात १९५८ पासून मेट्रिक मापे लागू होऊ लागली आणि इंचाची हत्यारे हळूहळू मागे पडली. मुंबईच्या गिरण्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपात, गोदीत राबलेल्या फिटर-टर्नरांच्या घरी एखाद्या पत्र्याच्या डब्यात ती अजून पडलेली असू शकतात. ती किलोच्या भावाने विकली तर पोलादाचे दाम मिळतील. पण रेघ वाचायची विद्या त्या भावात मोजली जात नाही. घरात असा डबा असेल आणि तो वापरलेले हात अजून हयात असतील, तर मुलांना त्यांच्याजवळ बसवा. हत्यार नंतरही मिळेल, शिकवणारा मिळणार नाही.