हवाप्रदूषण आणि डोके-मान कर्करोग

हवाप्रदूषण आणि डोके-मान कर्करोग : ओठ, तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, नाक, नाकाभोवतीच्या हाडांतले सायनस आणि लाळग्रंथी यांच्या कर्करोगांना मिळून ‘डोके-मान कर्करोग’ म्हणतात. नावात डोके असले तरी मेंदूचा यात समावेश नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीही बहुधा वेगळी धरतात. यांतले सुमारे ९० टक्के कर्करोग तोंड, घसा व स्वरयंत्र यांच्या ओल्या अस्तरातल्या स्क्वेमस पेशींतून उगवतात. तंबाखू, सुपारी आणि दारू ही त्यांची जुनी, पक्की ठरलेली कारणे. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथे एचपीव्ही, तर नाकामागच्या घशात एपस्टाइन-बार हा विषाणू कारण ठरतो. हवेचे नाव या यादीत उशिरा आले, आणि तेही शहरातल्या रस्त्यावरून नव्हे, तर खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यांतून.

कण कुठे अडतात : प्रदूषित हवा म्हटले की लक्ष फुप्फुसांकडे जाते. पण हवा आधी गाळली जाते ती नाकात. १० मायक्रोमीटरहून जाड कण बव्हंशी नाकात व घशात अडतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून आकाराची कल्पना यावी. २.५ मायक्रोमीटर व त्याहून बारीक कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. ते खोल फुप्फुसापर्यंत पोचतात, पण सगळे नाही. डिझेलच्या धुरातले ०.१ मायक्रोमीटरच्या खालचे अतिबारीक कण तर हवेच्या रेणूंचे धक्के खात नाकाच्या भिंतीवरही येऊन बसतात. अडकलेला कण तिथे राहत नाही. शेंबडाचा पातळ थर सूक्ष्म केसलांच्या वल्हवण्याने मागे सरकतो आणि १०–२० मिनिटांत घशात उतरून गिळला जातो. चाळण साफ होते, पण तिचा गाळ घशाच्या अंगणातून वाहतो. नाक चोंदलेला किंवा ओझे वाहताना तोंडाने श्वास घेणारा माणूस ही चाळणच टाळतो. त्याच्या तोंडात आणि घशात धूळ थेट जाते.

खुद्द कणापेक्षा त्याला चिकटून आलेला ऐवज जास्त घातक. लाकूड, कोळसा, डिझेल, तंबाखू, काहीही अर्धवट जळले की काजळीवर बेंझोपायरीनसारखी बहुचक्री हायड्रोकार्बने जमतात. पेशीतली विकरे त्यांना विरघळण्याजोगे करून बाहेर काढायला जातात आणि त्या खटपटीत त्यांचे डीएनएला चिकटणारे रूप तयार होते. दुरुस्ती चुकली की चूक पेशीच्या पुढच्या पिढ्यांत उतरते. जोडीला धातूंचे अंश आणि अस्तराची वर्षानुवर्षे चाललेली जळजळ असते. रसायनाच्या दृष्टीने बिडीचा धूर आणि चुलीचा धूर सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. एकाचा गुन्हा दुसऱ्यापासून वेगळा काढणे अवघड जाते ते याचमुळे.

कारखान्यातली हवा : नाकाने ओढलेल्या गोष्टीवर पहिला संशय तपकिरीने ओढवून घेतला. लंडनच्या जॉन हिल यांनी १७६१ मध्ये तपकीर ओढणाऱ्यांच्या नाकातल्या गाठींबद्दल सावध केले होते. काजळी कर्करोग करते हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांवरून दाखवले, मात्र तो कर्करोग वृषणकोशाच्या त्वचेचा होता.

खरी उकल विसाव्या शतकातली. इंग्लंडमधले हाय विकम हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तेथील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्याकडे नाक आणि सायनसच्या कर्करोगाचे रुग्ण प्रमाणाबाहेर येत होते, आणि चौकशी करता त्यांतले बरेचसे फर्निचर कारागीर निघत होते. ऑक्सफर्डच्या रोनाल्ड मॅकबेथ यांनी १९६५ मध्ये याविषयी लिहिले. १९६८ मध्ये डोनल्ड ॲचेसन यांच्यासह या मंडळींनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सविस्तर पुरावा मांडला. हा कर्करोग ग्रंथीपेशींचा, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा. एरवी तो इतका दुर्मिळ, की ओक, बीच अशा कठीण लाकडांच्या भुश्यात काम करणाऱ्यांत त्याचा धोका शेकडो पटींनी वाढलेला दिसला. धुळीशी पहिली गाठ पडल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण ४० वर्षे जात. सिगारेट-विड्यांवर याचे खापर फोडता येईना. तंबाखू ओढणारे इतरही होते, त्यांना हा रोग होत नव्हता. दोनच वर्षांनी नॉर्दॅम्प्टनशरमधल्या बूट-जोडे बनवणाऱ्यांतही असेच चित्र आढळले, तिथे दोष चामड्याच्या धुळीचा. या विषयातला सर्वांत स्वच्छ पुरावा आजही हाच आहे. एक गाव, एक धंदा, एक धूळ आणि एरवी सहसा न दिसणारा रोग असा योग क्वचितच येतो.

फ्रान्समधल्या लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला ‘गट १’ मध्ये, म्हणजे माणसात निश्चित कर्करोगजनक म्हणून टाकले. चामड्याची धूळ आणि निकेल शुद्धीकरणातली संयुगे नाकासाठी, सल्फ्युरिक आम्लासारख्या तीव्र आम्लांचे तुषार (१९९२) आणि ॲस्बेस्टॉस स्वरयंत्रासाठी, फॉर्माल्डिहाइड (२००४) नाकामागच्या घशासाठी याच गटात आहेत. गट म्हणजे पुराव्याची खात्री. धोका केवढा, हे तो सांगत नाही. बातम्यांत हा फरक हटकून हरवतो आणि ‘सिगारेटइतकेच घातक’ असा मथळा होतो.

चुलीचा धूर : घरात दगडी कोळसा जाळल्याने होणारा धूर वरील संस्थेने २००६ च्या बैठकीत गट १ मध्ये, तर लाकडासारख्या जैव इंधनाचा धूर ‘बहुधा कर्करोगजनक’ अशा पुढच्या गटात ठेवला. कोळशाबाबतचा निर्णय प्रामुख्याने फुप्फुसाच्या पुराव्यावर झाला. घशाविषयीची माहिती तुटक आहे. दक्षिण ब्राझीलमध्ये लाकडाची शेगडी वापरणाऱ्यांत तोंड, घसा व स्वरयंत्र यांचे कर्करोग जास्त आढळले (१९९८). भारतातल्या अनेक केंद्रांवर मिळून झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्ण-तुलना अभ्यासात ५० वर्षांहून अधिक काळ कोळसा वापरलेल्यांत अधोग्रसनीच्या, म्हणजे स्वरयंत्रामागच्या घशाच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट दिसला. जन्मभर लाकूड वापरणाऱ्यांतही तो वाढलेला होता, पण कधीच धूम्रपान न केलेल्यांत ही वाढ फिकी पडली. घरात धूर जितका दाट तितका धोका जास्त, हेही तिथे दिसले.

विदर्भातल्या पऱ्हाट्या, मराठवाड्यातल्या तुराट्या आणि सगळीकडच्या गोवऱ्या यांच्या धुरात रोज काही तास बसते ती घरातली बाई. तीच बाई अनेक घरांत मशेरीही लावते, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड हिरड्यांना चोळते. धूर नाकातून, तंबाखू गालातून. दोन्हींची वेगवेगळी नोंद घेणारी प्रश्नावली हाती नसेल, तर चुलीबद्दल निघालेला आकडा कुणाचा, हे सांगता येणार नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरोघर नेली; जोडणी आणि रोजचा वापर या मात्र दोन गोष्टी आहेत, आणि सिलिंडर परत भरायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते.

रस्त्यावरची हवा : डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि एकूण बाहेरची प्रदूषित हवा ऑक्टोबर २०१३ मध्ये गट १ मध्ये गेली. कारण होते फुप्फुसाचा कर्करोग. मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसतो एवढे म्हटले गेले. डोके-मान कर्करोगाचे नाव त्या निष्कर्षात नाही.

त्यानंतरच्या अभ्यासांत तैवानचा सर्वांत बोलका. २००९ मध्ये ६६ केंद्रांवर मोजलेली हवा आणि चाळिशीपुढच्या ४,८२,६५९ पुरुषांची आरोग्यमाहिती यांचा मेळ त्यात घातला. मुखकर्करोगाचे १,६१७ रुग्ण होते. जिथे पीएम २.५ ची पातळी घनमीटरला ४०.३७ मायक्रोग्रॅमच्या वर होती तिथे, २६.७४ च्या खालच्या भागांच्या तुलनेत, मुखकर्करोगाचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त निघाला. वय, धूम्रपान आणि सुपारी यांचा हिशेब वजा करूनचा हा आकडा आहे. तैवानात सुपारीचे विडे खाणारे पुष्कळ, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हा अभ्यास परका वाटू नये. त्यातली उणीवही उघड आहे: मुखकर्करोग घडायला दशके लागतात, आणि मोजलेली हवा एका वर्षाची.

अमेरिकेतल्या कर्करोग नोंदणीची २००२ ते २०१२ ची माहिती घेऊन केलेला अभ्यास २०२४ मध्ये सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आला. पीएम २.५ वाढल्यानंतर पाच वर्षांनी डोके-मान कर्करोगाशी संबंध सर्वांत ठळक दिसतो, असे त्यात आढळले. पण नोंदणीत कोण किती सिगारेटी ओढत होता हे लिहिलेले नसते. एका प्रदेशाच्या सरासरीवरून एका माणसाबद्दल बोलताना पाय घसरतो, तो इथे. धागा मजबूत आहे, दोर म्हणावा असा अजून नाही.

महाराष्ट्रातले चित्र : मुंबईत १९६३ पासून लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी आहे, देशातली पहिली. भारतीय पुरुषांत मुखकर्करोग अग्रभागी आहे आणि त्यामागे तंबाखू-सुपारी आहे, यात शंका नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या मात्र टपरीवर मिळतात. अडचण अशी, की सर्वांत जास्त धूळ-धूर खाणारा माणूसच बहुधा तंबाखूही खातो: ट्रकचालक, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीत राबणारा कामगार. म्हणून हवेचा दोष तंबाखूच्या सावलीत झाकला जातो. उलट, तंबाखू आहेच म्हणून हवेकडे पाहण्याची गरज नाही, हा युक्तिवादही तितकाच लंगडा. दोन्ही एकाच अस्तरावर घाव घालतात. तंबाखू सोडणे माणसाच्या हातात असते, हवा बदलणे नसते.

सॉ मिल, फर्निचर आणि पॉलिशच्या कारखान्यांत यंत्रापाशीच भुसा ओढून घेणारी व्यवस्था आणि कणरोधक मास्क हे उपाय ठरलेले आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एकाच नाकपुडीतून रक्त येणे वा ती सतत बंद राहणे, तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, तितकेच दिवस बसलेला आवाज, मानेतली न दुखणारी गाठ यांची तपासणी लगेच करावी आणि तेव्हा डॉक्टरला आपला धंदा, अगदी ४० वर्षांपूर्वीचाही, आवर्जून सांगावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असे सुचवले. भारताची मर्यादा नोव्हेंबर २००९ मध्ये ठरली, ती ४० आहे. तैवानच्या अभ्यासातला सर्वाधिक प्रदूषित गट ४०.३७ पासून सुरू होतो, आणि ती मोजमापेही २००९ चीच आहेत.