ग्रुपवरचा मेसेज डेअरीच्या चिठ्ठीसारखा लिहा

वडगाव मावळ : दूध घातल्यावर डेअरीतून मिळणारी चिठ्ठी बघा. तारीख, सकाळ की संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. बोटभर कागद, पण तो वाचून कुणाला परत फोन करावा लागत नाही. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उलटं आहे. मेसेज वाचला की आधी फोन लावायचा, "नक्की काय म्हणायचंय?"

माझंच सांगतो. पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब आहे. फेब्रुवारीत ऐन व्हॅलेंटाईनच्या तोंडावर रात्री उशिरा व्यापाऱ्याचा मेसेज आला, "दादा उद्या ५० पाठवा." मी धरलं ५० गड्ड्या. लहान-मोठ्या सगळ्या काड्यांच्या गड्ड्या बांधून पहाटे गाडीत टाकल्या. त्याला हवी होती ५० सेंटिमीटरची काडी, असेल तेवढी. बाकीचा माल पडत्या भावात द्यावा लागला. चूक निम्मी त्याची, निम्मी माझी. मी "ओके" टाकून झोपलो होतो. आता ऑर्डर आली की मीच उलट लिहून पाठवतो : "शुक्रवार, ६ फेब्रुवारी, पहाटेची गाडी. ५० सेंमी, ३० गड्ड्या, गड्डीत २० फुलं. बरोबर ना?" त्याचं "हो" आल्याशिवाय कात्री लावत नाही.

"उद्या" हा शब्द तर ग्रुपवर नकोच. रात्री बारानंतर टाकलेला "उद्या" कोणता?

भाताचंही तसंच. इंद्रायणी हे वाण आपल्याच वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलं, त्यामुळे गिऱ्हाईक मावळचं नाव बघूनच विचारतं. पण "ओरिजनल इंद्रायणी मिळेल, संपर्क करा" यात त्याला काय कळणार? यंदाचा की जुना, हातसडीचा की पॉलिश केलेला, किलोचा भाव, किती किलोची गोणी, पोहोच कुठपर्यंत, एवढं एकदाच लिहा. लोणावळ्यात बंगले भाड्याने देणाऱ्यांनी भाडं पूर्ण बंगल्याचं की माणशी, किती वाजता रिकामा करायचा, डिपॉझिट किती, हे आधी लिहिलं तर गेटवरची निम्मी भांडणं मिटतील.

पावसाळ्यात मात्र प्रश्न पैशाचा राहत नाही. पवना धरणातून विसर्ग सोडल्याचा मेसेज नदीकाठच्या गावांत मिनिटात फिरतो. त्यात क्युसेकचा आकडा असतो (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी), पण पुढे ढकलताना लोक वरची तारीख-वेळ कापून टाकतात. मग गेल्या वर्षीचा मेसेज यंदा फिरतो, लोक घाबरतात, आणि दोनदा फसल्यावर खऱ्या इशाऱ्याला मोटार काढायला कुणी जात नाही. तारीख नसलेला विसर्गाचा मेसेज पुढे पाठवू नका. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समजा.

अफवेने काय होतं ते आपल्या राज्याने पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली.

अॅडमिन लोक विचारतात, कुणी काही टाकलं तर आम्ही अडकतो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही. त्यात त्याचाही सामायिक हेतू दिसायला हवा. म्हणून अॅडमिनने डोळे मिटून बसावं असं नाही. गावात दोन ग्रुप करा. एक सूचनांचा, त्याच्या सेटिंगमध्ये फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकतील असं करा. दुसरा गप्पांचा. तिथे गुड मॉर्निंग, वाढदिवस, राजकारण काय ते चालू द्या. एकाच ग्रुपवर दोनशे शुभेच्छांखाली लाईट कधी जाणार ती सूचना कुणाला सापडते?

आवाजी मेसेज म्हाताऱ्या माणसांना सोयीचे, ते बंद करू नका. फक्त त्याखाली तारीख, आकडा आणि गाव एवढी एक ओळ लिहा. महिन्याभराने भावावरून वाद झाला, की सर्चमध्ये तीच ओळ सापडते.