कंसातला आकडा

१९७८ साली कोल्हापुरात ताराबाई पार्कात आमच्या शेजारच्या मेजरकाकांची बॉक्सर कुत्री व्याली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. रात्री काकांनी बॅटरीच्या उजेडात पिल्ले दाखवली. मी मोजली, नऊ होती. त्यांतली दोन पांढरीशुभ्र आणि बाकीच्यांपेक्षा गुबगुबीत. सकाळी शाळेत जाण्याआधी पुन्हा डोकावले तर सातच. "अगं, अशक्त होती ती दोन," काकू म्हणाल्या, "गेली रात्रीत." मागच्या अंगणात माळी बादली उपडी करून ठेवत होता. त्या बादलीचा आणि पिल्लांचा संबंध मी तेव्हा लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलीने जुने सामान आवरताना त्यांची एक वही मला आणून दिली. तुला जुन्या कागदांची आवड आहे, म्हणाली. वहीत तीन वेतांच्या नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर एक आकडा आणि पुढे कंसात दुसरा: ९ (७), ६ (६), ८ (५). खाली कंसातल्या पिल्लांचा रंग, खुणा, घेणाऱ्याचे आडनाव, किंमत. म्हणजे तेवीस जन्मली आणि अठरांचा हिशेब लागला. उरलेल्या पाचांविषयी एक शब्दही नाही. माझे सारे आयुष्य दप्तरांत गेले; नोंद नसलेली माणसे मला नवी नाहीत. इथे मात्र वजाबाकी समोर मांडून ठेवलेली होती, फक्त तिचे उत्तर लिहिलेले नव्हते.

ते उत्तर शोधायला कोल्हापूर पुरत नाही. म्यूनिकला जावे लागते, कारण बॉक्सर ही जात तिथे घडवली गेली.

१८९५ साली म्यूनिकच्या एका श्वानप्रदर्शनात बॉक्सर पहिल्यांदा मांडला गेला. पुढच्याच वर्षी क्लब निघाला आणि पुढे त्या क्लबने जातीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. मूळचा कुत्रा बुलेनबायसर, रानडुकरे आणि बैल धरून ठेवणारा जर्मन शिकारी. त्यात इंग्लिश बुलडॉगचे रक्त मिसळले गेले आणि त्या काळच्या बुलडॉगांत पांढरे कुत्रे भरपूर होते. वंशनोंदवहीत पहिले नाव लागले ते फ्लोकीचे. त्याचा बाप टॉम हा असाच एक बुलडॉग. फ्लोकीची बहीण ब्लांका पांढरी होती. ब्लांका आणि पिकोलो यांची मुलगी मेटा फोन डेअर पासाजे, हीही जवळजवळ पांढरीच, अंगावर थोडे रंगीत ठिगळ. जुन्या छायाचित्रांत ती लांबोडी आणि पाठीने कच्ची दिसते. आजच्या रिंगणात तिला कोणी उभेही करणार नाही. पण जातीची आई म्हणून तिचेच नाव घेतात. आजच्या बॉक्सरची वंशावळ मागे नेत गेले की बहुधा तिच्यापाशीच पोचते. मेजरकाकांची कुत्रीही त्याला अपवाद असायचे कारण नाही.

सुरुवातीची काही वर्षे पांढरे आणि ठिपक्याठिपक्यांचे बॉक्सर प्रदर्शनात येत होते, नोंदले जात होते. १९२०च्या दशकात जर्मनीत त्यांना दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात बॉक्सर लष्कराच्या कामी आला होता. पहाऱ्यावरचा पांढरा कुत्रा अंधारात लगेच दिसतो, असे कारण देतात. लष्कराची गरज पुढे राहिली नाही, नियम मात्र राहिला. रंग बदामी किंवा वाघासारखा पट्टेरी हवा आणि पांढरा भाग एक तृतीयांशाहून जास्त नको. प्रदर्शनाची ही मापे जगभर पोचली. आपल्याकडेही मेजरकाकांसारख्या हौशी माणसांनी ती इंग्रजी पुस्तकांतून प्रमाण मानून घेतली.

पांढऱ्या पिल्लाला प्रदर्शन बंद, म्हणून किंमत नाही. फुकट द्यावे तर दोष असलेले पिल्लू खपवले असा बोल लागायचा, शिवाय ते कुठेतरी बेवारस होईल ही भीती. म्हणून जन्मल्याबरोबर संपवणे हे सभ्य पैदासकाराचे कर्तव्य मानले गेले. हे मला महत्त्वाचे वाटते. मेजरकाका क्रूर नव्हते. कुत्रीला ताप आला तर रात्रभर तिच्या उशाशी बसणारा तो माणूस होता. बादली त्यांच्या दृष्टीने शिस्तीचा भाग असणार.

आता यातली मेख. प्रदर्शनात आणि बाजारात सर्वांत चढा भाव असतो तो पांढरी छाती, कपाळावर पट्टा आणि चारही पायांत पांढरे मोजे असलेल्या बॉक्सरला. हे पांढरेपण एका जनुकाचे. त्याची एक प्रत मिळाली तर मोजे येतात, दोन मिळाल्या तर अख्खे पिल्लू पांढरे. मोजेवाला नर आणि मोजेवाली मादी यांचा संबंध आला की सरासरीने चारात एक पिल्लू पांढरे जन्मणार. दोन्हीकडून बिनमोज्यांची जोडी लावली तर पांढरे पिल्लू होतच नाही. म्हणजे ते अपघाताने येत नव्हते. लोकांना मोजे हवे होते आणि त्या मोज्यांबरोबर ते येणारच होते. काकांच्या वहीतले तेवीसांपैकी पाच हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या जवळच आहे. पांढऱ्या बॉक्सरांत बहिरेपणा जास्त असतो हे खरे. पण ब्रिटनमधला अंदाज सुमारे १८ टक्क्यांचा आहे, आणि तोही एक किंवा दोन्ही कान धरून. म्हणजे बहुतेकांना दोन्ही कानांनी चांगले ऐकू येते. तरी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील पाहणीत १७ टक्के बॉक्सर पिल्ले केवळ पांढरी म्हणून मारली गेल्याचे आढळले.

हे एकट्या बॉक्सरचे दुखणे नाही. ऱ्होडेशियन रिजबॅकचे मानक १९२२ साली बुलावायोत लिहिले गेले. पाठीवर उलट्या वाढीच्या केसांचा पट्टा ही या जातीची ओळख. काही पिल्ले पट्ट्याविना जन्मतात. ब्रिटनमधल्या क्लबच्या आचारसंहितेत अशी पिल्ले मारावीत, असे लेखी होते. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले की पट्टा देणारा जनुकीय बदलच पाठीतला एक जन्मजात विकार ओढवतो: त्वचेपासून मणक्याकडे खोल जाणारी, पुढे पू धरणारी नळी. म्हणजे मारली जात होती ती या बाबतीत जास्त निरोगी पिल्ले. २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने हे चव्हाट्यावर आणले, तेव्हा ते कलम बदलले. जर्मनीत १९७२च्या प्राणिसंरक्षण कायद्याने वाजवी कारणाशिवाय कुत्र्यामांजरांना मारणे गुन्हा ठरवले. आपल्याकडे पैदासकारांसाठी नियम आले ते २०१७ साली: नोंदणी हवी, दप्तर हवे, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचे नाही. दप्तरात काय उतरते हे शेवटी लिहिणाऱ्याच्या हाती असते, हे मी वहीवरून सांगू शकते.

त्या सातांतले एक पिल्लू आम्ही घेतले होते. बाबा मला निवडायला घेऊन गेले. समोर दोन साधी बदामी पिल्ले अंगावर चढत होती, पण मी कोपऱ्यातल्या एकाकडे बोट दाखवले. "याने मोजे घातलेत!" बाबा हसले. काकाही हसले. सुलतान तेरा वर्षे आमच्याकडे होता. दर रविवारी त्याचे पाय साबणाने घासून पांढरे करण्याचे काम माझे.

वहीत ९ (७)च्या खाली चौथ्या ओळीत आमचे आडनाव आहे. नर, बदामी, छाती पांढरी, चार मोजे, ४०० रुपये. वरच्या दोन ओळी साध्या बदामी पिल्लांच्या आहेत. त्यांच्यापुढे २५० लिहिले आहे.