चांद्याचे दगड कोण राखणार?

इंग्रज काळातल्या गॅझेटियरमध्ये चांदा जिल्ह्याच्या पुरातन वास्तूंत भांदकची लेणी आणि मार्कंड्याची देवळे आहेत, तशीच चामोर्शी आणि वाघनख इथल्या दगडी स्मारकांचीही नोंद आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्हा विभागला गेला. चामोर्शी गडचिरोलीत गेले, वाघनख चंद्रपुरात राहिले. देवळांना यात्रा भरते; या दगडांकडे मात्र फारसे कुणी वळत नाही.

विदर्भातली ही महापाषाण स्मारके लोहयुगातली, म्हणजे साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. बहुतेक मृतांसाठी उभारलेली. चिमूर तालुक्यात हिरापूरला उभ्या दगडांवर अवजड शिळा ठेवून केलेले मांडव आहेत. नागपूरजवळ जुनापाणीच्या शिळावर्तुळांत दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरले आहेत. ना मूर्ती, ना शिलालेख. म्हणून पाया भरणाऱ्याला आणि खडी फोडणाऱ्याला तो नुसता दगड वाटतो.

संरक्षणाचे कायदे आहेत. १९५८चा केंद्राचा, १९६०चा राज्याचा. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी असते. पण हे कवच मिळते ते स्मारक संरक्षित म्हणून जाहीर झाल्यावर. यादीबाहेरच्या दगडाला कोण विचारतो?

चंद्रपूर शहरालगतची पापामिया टेकडी आठवावी. तिथे अश्मयुगातील माणसाची दगडी हत्यारे सापडली. त्याच परिसरात वैद्यकीय महाविद्यालय बांधायचे ठरले तेव्हा अभ्यासकांनी हरकत घेतली. दवाखाना हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण जागा ठरवण्याआधी विचारणा व्हायला हवी होती. हत्यार उचलून संग्रहालयात ठेवता येते. ते कुठल्या थरात, कशाशेजारी पडले होते, हे मात्र एकदा माती उपसली की कायमचे जाते.

जंगलातल्या गावांकडे शहरापेक्षा एक जास्तीचा हक्क आहे. २००६च्या वनहक्क कायद्याचे कलम ५ ग्रामसभेला आपल्या परिसरातील सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारसा राखण्याचा अधिकार देते. मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक गावांना मिळाला. बांबू-तेंदूचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रामसभेच्या वहीत या दगडांचे एक पान असावे: जागा, संख्या, फोटो आणि ठराव.

हे काम बाहेरच्यांनी शिकवावे असेही नाही. भामरागडकडचे माडिया आजही आपल्या मृतांसाठी दगड उभे करतात. त्यांच्यासाठी तो पुरातत्त्वाचा विषय नाही, घरच्या माणसाची आठवण आहे. कबरस्तानाची वाट राखण्यासाठी झगडलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.